वरच्या डोहाचं पाणी

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झालीत. साडेतीनला थर्मल पॉवर स्टेशनची जीप यायची आहे आणि चारला सावरटोल्यात जनसुनावणी. मधल्या वेळात शहाण्या माणसानं कागद पुन्हा एकदा वाचून घ्यावेत. मी वरण-भात जेवून आडवा झालोय. वैशाखात आमच्याकडे जेवणानंतर जागं राहणाऱ्या माणसाकडे लोक संशयानं बघतात. कूलर घरघरतोय, छातीवर फाइल आहे. तिची लाल नाडी मोकळी आहे, हे मला पक्कं आठवतंय, कारण शेवटचं पान मी आत्ताच वाचत होतो.

शेवटच्या पानावर लिहिलंय : 'नदीच्या पाण्याचे तिन्ही ठिकाणचे नमुने सलग बारा वर्षे मानकांच्या आत आढळले असून, प्रस्तावित राख तलावाचा परिसरातील जलस्रोतांवर होणारा परिणाम नगण्य राहील.'

वाक्य माझं आहे. म्हणजे इंग्रजीतलं कुण्या सल्लागाराचं, मराठीतलं माझं. जळलेल्या कोळशाच्या राखेचं नवं तळं करायचं तर थर्मलला साडेचारशे पानांचा अहवाल करावा लागतो, आणि त्याचा सारांश लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो. लोकांची भाषा म्हणून मला नेतात. मी कॉलेजात मराठी शिकवतो आणि जिल्ह्याच्या पेपरात दर रविवारी विनोदी सदर लिहितो. पाण्याच्या पीएचला 'सामू' हा शब्द या तालुक्यात माझ्यामुळे पोचला. 'नगण्य' सापडायला मला दोन कप चहा लागले होते.

तळं व्हायचंय ते सावरटोल्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला, तीनशे पावलांवर. गावाला ती एकच विहीर आहे, खालच्या घाटापाशी. जुन्या तळ्याचं राखेचं पाणी झिरपून नदीत उतरतं ते तिथंच. पण बारा वर्षांचे नमुने चांगले आलेत, आणि चांगल्या नमुन्यांपुढे कुणाचं काही चालत नाही. आज मी ते पान वाचलं की तळं झालंच.

'नगण्य'पाशी माझा डोळा लागतो.

कूलरची घरघर हळूहळू पातळ होते. आता ती वल्ह्यासारखी ऐकू येते. कूलरजवळ कुणीतरी उकिडवं बसलंय, झाकण सरकवून टाकीत हात घातलाय. ओंजळभर पाणी उचलून नाकाशी नेतंय.

"हे पानी कुठचं होय, मास्तर?"

"नळाचं," मी म्हणतो.

"नळात कुठचं?"

"कॉलनीच्या टाकीतलं."

"आन् टाकीत?"

"वरच्या डोहातलं."

"मंग चांगलं आहे," पैकूजी म्हणतात. "मीच दाखोला होता त्याइले तो डोह. पाइप कुठं टाकाचा ते."

पैकूजी नान्हे. सावरटोल्याचे ढिवर. नदीवर डोंगा चालवायचे, मासे धरायचे, आणि महिन्यातून एकदा थर्मलच्या प्रयोगशाळेसाठी पाण्याचे नमुने भरून आणायचे. मागच्या माघात वारले. दाखल्यावर कारण 'वार्धक्य' लिहिलंय आणि वय अठ्ठावन्न. मी त्रेपन्नचा आहे, म्हणून तो दाखला मी दोनदा वाचला.

वारल्याचं मला माहीत आहे आणि त्यांनाही माहीत असावं. आम्ही दोघंही तो विषय काढत नाही. पाहुणा आल्याबरोबर असलं काही विचारणं बरं दिसत नाही.

"चाला," ते म्हणतात. "एक बाटली भराची राह्यली."

"साडेतीनला जीप आहे, पैकूजी."

"पोचतो ना बाप्पा. नदी काय दिल्लीले आहे?"

मी पाय खाली टाकतो तर फरशी ओली आहे, आणि पलंग हलतो. पलंगाच्या दोन्ही बाजूंनी पाणी आहे. पैकूजी मागच्या टोकाला उभे आहेत, हातात बांबू. फाइल माझ्या मांडीवर आहे. तिच्या नाडीची दोन्ही टोकं पाण्यात लोंबतायत, ती मी वर ओढून घेतो.

डोंग्याच्या मधोमध प्लॅस्टिकच्या तीन बाटल्या उभ्या आहेत. प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी : वर, मधे, खाली. या बाटल्या मी ओळखतो. प्रयोगशाळेचे चिंचाळकर साहेब त्या घेऊन यायचे. साहेबांना पाण्याची भीती. ते काठावरच्या बाभळीखाली खुर्ची टाकून बसायचे आणि बाटल्या पैकूजींच्या हातात द्यायचे. वरची भरायची डोहात. मधली भरायची थर्मलचं गरम पाणी नदीत पडतं तिथं. खालची भरायची सावरटोल्याच्या घाटावर. चिठ्ठ्यांची साधी गाठ पाण्यात सुटायची, म्हणून पैकूजी ती जाळ्याच्या गाठीनं बांधायचे. चपटी, बोटाच्या नखाएवढी, ओली झाली की आणखी आवळणारी गाठ. ती उघडणारा माणूस प्रयोगशाळेत नव्हता. तिथं त्या तीन गाठींसाठी एक कात्री खिळ्याला टांगून ठेवलेली असायची.

डोहावर सावली आहे. पाणी काळं आणि गार. पैकूजी वाकून पहिली बाटली भरतात, बूच लावतात. मग दुसरी तिथंच बुडवतात. मग तिसरी.

"पैकूजी, तिन्ही इथंच?"

"मंग?"

"दोन खाली भरायच्या आहेत."

ते माझ्याकडे बघतात, वर्गात उशिरा आलेल्या पोराकडे मी बघतो तसं.

"मास्तर, तुमच्या घरी साहेब आला, त्यानं पानी मांगलं, तर तुमी कोनतं देसान? माठातलं देसान का मोरीतलं?"

हा प्रश्न मी आधीही ऐकलाय. दोन वर्षांपूर्वी. तेव्हा बसस्टँडवरच्या हॉटेलात, भज्यांच्या प्लेटवर, त्यांनी मला हे सगळं सांगितलं होतं. साहेब गावाचं पाणी मागतोय, ते मोठ्या ऑफिसात जाणार, तिथं लोक ते उजेडात धरून बघणार. मग सावरटोल्याचं म्हणून गढूळ, राखुंडं पाणी कसं द्यायचं? गावाची अब्रू जाईल. म्हणून बारा वर्षं पैकूजींनी तिन्ही बाटल्या वरच्या डोहात भरल्या. दर वेळी साहेब खूश व्हायचे आणि म्हणायचे, वा, तुमच्या गावचं पाणी एकदम पास. पैकूजी घरी जाऊन सांगायचे, आपलं पाणी पास झालं.

मी त्याचा लेख केला. नावं बदलली, नदी बदलली, साहेबाला टक्कल दिलं. पाणी पास होतं आणि गाव नापास, असा शेवट केला. जिल्हा हसला. थर्मलच्या जनसंपर्क अधिकाऱ्यांचा स्वतःहून फोन आला : "सर, काय कल्पना आहे! आम्ही नोटीस बोर्डावर लावलाय." पुढच्याच महिन्यात त्यांनी मला सारांशाचं काम दिलं. तुमची भाषा लोकांना कळते, असं म्हणाले.

आता चिमणी दिसते. आम्ही खाली येतोय, पण चिमणी तेवढ्याच अंतरावर राहते, कधी डाव्या हाताला, कधी उजव्या. तिच्यातून निघणारा धूर बारीक दळलेल्या पिठासारखा सांडतोय. माझ्या बाहीवर, फाइलवर, पैकूजींच्या पांढऱ्या मिशीवर बसतोय. मिशी तेवढीच पांढरी राहते.

पाणी गरम व्हायला लागतं. डोंग्याच्या तळातून चटका वर येतो. उजव्या बाजूला जुनं राखेचं तळं आहे, वरून वाळलेलं, उन्हात चुन्याच्या भिंतीसारखं पांढरं. त्यावरून एक बकरी चालत येतेय. ती मधोमध पोचते. मग ती दिसत नाही. तळं पुन्हा सपाट होतं.

"पैकूजी, बकरी..."

"हाव. बाबूरावची होय. रोज जाते."

मी पाय वर घेतो. ते माझ्या हाताकडे बघतात, त्यात एक चौथी बाटली आहे. रिकामी, गळ्यात चिठ्ठी नाही.

"ही तुमी भरा," ते म्हणतात. "मी भरली तर पुन्हा वरचीच भरीन. हाताले सवय आहे."

"कुठं भरू?"

"खालच्या घाटावर. आन् इथून पुढं मले ईचारू नोका."

मी बाटली पाण्यात बुडवतो, आणि मी आमच्या स्वयंपाकघरात उभा आहे. कोपरापर्यंत हात माठात आहे. ओट्यावर तीन माठ आहेत. आमच्याकडे एकच आहे, तरी मला नवल वाटत नाही. प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्यानं चिठ्ठी बांधलीय. वीणा, माझी बायको, 'वर'मधून लोटा भरते आणि मला देते. मी तोंडाला लावतो तेवढ्यात पैकूजी दारातून म्हणतात, "आज तिकडचं प्या."

'खाली'चा माठ बाहेरून पाझरतोय. ओट्यावर त्याच्याभोवती करड्या रंगाचं कडं बसलंय, चहाच्या कपाचं बसतं तसं. मी लोटा त्याच्यावर धरतो. वीणा बघतेय. पैकूजी बघतायत. ओट्याखाली आणखी कुणी बसलंय, पोटाशी पाय घेऊन, त्यांचे फक्त पाय दिसतात. खरजेनं फुटलेले, घोट्यापर्यंत ओले. बायकांचे असावेत.

"मी नंतर पितो," मी म्हणतो. "आत्ताच जेवलोय. जेवणावर लगेच पाणी पिऊ नये म्हणतात."

स्वप्नात देखील माझ्याकडे कारण तयार असतं.

"बरं," पैकूजी म्हणतात. रागावत नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"सर, या ना वर," कुणीतरी म्हणतं, आणि मी मंचावर आहे. शामियाना, पांढऱ्या खोळींच्या खुर्च्या, टेबलावर हिरवं कापड, त्यावर बंद बाटल्यांचं पाणी. माइक माझ्या हनुवटीला लागलाय. समोर सगळा सावरटोला बसलाय. पुढं बायका, मागं बाप्ये. प्रत्येकाच्या मांडीवर नमुन्याची एकेक बाटली, पण आत काय आहे ते दिसत नाही, कारण सगळ्या बाटल्या राखेनं माखल्यात. मंचावरचे साहेब घड्याळ बघतात. "वाचा."

मी फाइल उघडतो. वाचायचं नाही, असं मी ठरवतो. मी ते कधी ठरवलं मला माहीत नाही, पण छाती इतकी जोरानं उडतेय की माइकमधून तिचा आवाज शामियानाभर जातोय. मी म्हणतो, "हे नमुने खोटे आहेत."

साहेब हसतात.

"तिन्ही बाटल्या एकाच डोहातल्या आहेत. बारा वर्षं."

आता सगळा मंच हसतो. जनसंपर्क अधिकारी डोळे पुसत शेजाऱ्याला सांगतात, "यांचा तो लेख वाचला नाही तुम्ही? थांबा, आता टकल्या साहेब येईल."

"लेख नाही, खरं सांगतोय मी. खालच्या घाटाचं पाणी कुणी तपासलंच नाही!"

शामियाना हसून हसून हलतोय. खुर्च्या वाजतायत. मागचा एक जण म्हणतो, "मास्तर, पुढचं सांगा, पाणी पास होते ते!" मी आणखी मोठ्यानं बोलतो, ते आणखी मोठ्यानं हसतात. माझा आवाज नेमका तिथं चढतो जिथं हशा यायला हवा, तिथंच थांबतो. हे मी मुद्दाम करत नाहीये. पंचवीस वर्षांत माझी जीभ तशीच वळलीय. मी तोंड बंद करून घेतो, तर तेही त्यांना टायमिंग वाटतं. टाळ्या पडतात.

साहेब म्हणतात, "छान. कोणाची काही हरकत? नाही. मंजूर."

एकटे पैकूजी हसलेले नाहीत. ते मंचाच्या पायरीवर बसलेत, गुडघ्यावर हात ठेवून.

"हे काय झालं?" मी त्यांना विचारतो.

"तुमी हसवून सांगता. मंग लोक हसते."

"मग कसं सांगू?"

"मी तुमाले सांगतलं होतं तसं."

"तसंच तर सांगितलं. शब्दन् शब्द."

"एक राह्यलं," ते म्हणतात.

शामियाना रिकामा आहे. आम्ही हॉटेलात बसलोय, मधे भज्यांची प्लेट, भजी गार झालेली. एसटीचा कंडक्टर कुठल्या तरी गाडीची घंटी मारतो. पैकूजींनी माझं मनगट धरलंय. खरोखरीच्या त्या दिवशीही त्यांनी ते असंच धरलं होतं. साहेबाची गोष्ट सांगून झाली होती, मी हसत होतो, खिशातून पेन काढत होतो, आणि त्यांनी मनगट धरलं आणि आणखी एक वाक्य सांगितलं. मी ते ऐकलं. घरी येऊन लिहायला बसलो तेव्हा ते मला आठवत होतं. लेखात ते टाकून बघितलं, तर शेवट पडत होता. मग मी ते गाळलं.

"आठोते का?" ते विचारतात.

"आठवतं."

"मंग मनगट सोडू?"

मी मान हलवतो. मनगट अजून त्यांच्याच हातात आहे.

"पैकूजी, लोक तुम्हाला नावं ठेवतील. गावाचं पाणी तुम्हीच नासवलं म्हणतील."

"म्हनू दे. माहं काय जाते? मी त मेलो." ते पहिल्यांदा हसतात. वरचे दोन दात नाहीत. "गावाची इज्जत राखाले गेलो मास्तर, आन् गावच बुडोलं. तुमी आता माही इज्जत राखाले जाऊ नोका."

बाहेर हॉर्न वाजतो. कदाचित एसटीचा असेल. ते माझ्या मांडीवरची फाइल उचलतात, पानं सारखी करतात. त्यांना वाचता येत नाही, पण पानं ते फार जपून सारखी करतात. मग नाडीची दोन टोकं बोटांत घेतात. त्यांची बोटं हलताना मी बघत राहतो, आणि काय केलं ते मला कळत नाही.

"नाडी मोकळी ठेवू नोका. सारं वाहून जाते."

"मला वाचायची आहे ती, पैकूजी. चारला."

"हे सोडाची गाठ नोहे," ते म्हणतात. "कापा, नाही त तशीच न्या. तुमची मर्जी."

आणि ते कूलरचं झाकण लावतात.

"उठा. सव्वातीन झालेत."

वीणा चहा घेऊन उभी आहे. कूलर बंद पडलाय. लाइट गेली असावी. चार मैलांवर रात्रंदिवस वीज तयार होते, म्हणून आमच्याकडे ती वरचेवर जाते. मी घामानं निथळतोय. छातीवर फाइल आहे.

"ही बांधून कशाला झोपलात?" वीणा म्हणते. "वाचत होतात ना?"

नाडी बांधलेली आहे. मधोमध चपटी, नखाएवढी एक गाठ. मी ती बोटानं चाचपतो. तिला टोकच नाही. नखानं उचलायला जातो तर नखच दुखतं.

"तू बांधलीस?"

"मी? मला असली बांधता आली असती तर पापडाच्या पिशवीला मुंग्या लागल्या असत्या का?" ती वाकून बघते. "तुम्हाला तर बुटाची पण येत नाही. कुणी मारली?"

ती आत जाते, ड्रॉवर वाजतो, परत येते. तिच्या हातात कात्री आहे.

"कापून टाका. जीप येईल एवढ्यात."

मी कात्री घेतो. पातं गाठीखाली सरकवतो. लाल नाडीच आहे, दोन रुपयाची, एका दाबात तुटेल. आत चौदा पानं आहेत, टाइप केलेली, शुद्धलेखन तपासलेलं. सगळ्यात शेवटी 'नगण्य'.

आमच्या घरात एक पद्धत आहे. रविवारचा लेख झाला की मी तो स्वयंपाकघरात उभा राहून वीणाला वाचून दाखवतो. ती भाजी चिरता चिरता ऐकते. ती हसली की लेख जातो. पाण्याच्या बाटल्यांच्या लेखाला ती इतकी हसली होती की तिला विळी बाजूला ठेवावी लागली होती.

"वीणा, एक वाक्य ऐक."

"आत्ता? जीप..."

"एकच आहे. तो बाटल्यांचा लेख आठवतो? नमुने भरणारा माणूस, तिन्ही बाटल्या वर भरणारा?"

तिच्या ओठांच्या कडा लगेच हलतात. "तो टकल्या साहेबाचा?"

"तो माणूस खरा होता. पैकूजी नान्हे. त्यांनी शेवटी एक वाक्य सांगितलं होतं. मी लेखात घेतलं नव्हतं."

ती थांबते. मी माझा आवाज चढणार नाही याची काळजी घेतो. कुठं थांबायचं याचा विचार करत नाही. त्यांनी म्हटलं होतं तसं म्हणतो.

"मास्तर, बारा वर्षं मी साऱ्याइले चांगलं पानी दाखोलं, आन् घरच्याइले खालचं पाजलं."

वीणा हसत नाही.

ती दारातून ओट्यावरच्या आमच्या एकुलत्या एक माठाकडे बघते. मग माझ्या मांडीवरच्या गाठीकडे. मग माझ्या हातातली कात्री काढून घेते आणि आत जाऊन ड्रॉवरमध्ये ठेवून ड्रॉवर बंद करते.

बाहेर जीपचा हॉर्न वाजतो. मी फाइल, आहे तशी, काखेत मारतो.